दोनशेपाच नंबरचं औषध

माझ्या टांग्यात मागे चार माणसं बसायची आणि पुढे माझ्या शेजारी एक. पुढची जागा कुणालाच नको असायची. तिथे ऊन लागतं, घोडीच्या शेपटीचा फटका बसतो आणि रस्त्याची सगळी धूळ तोंडावर येते. मास्तरांना मात्र तीच जागा हवी असे. टांगा अख्खा रिकामा असला तरी ते मागे बसायचे नाहीत. पहिल्या रविवारी मी त्यांना म्हणालो, मागे सावलीत बसा, गादी नवीन आहे. त्यांनी गादीकडे पाहिलं. ती निळी होती.

"निळ्यावर माश्या येतात," ते म्हणाले. "आणि मागे बसलं की झोप लागते."

एवढं बोलून ते धोतर सावरत पुढे चढले आणि भाईंदर स्टेशनपासून उत्तनपर्यंत बोलत राहिले. वाटेतली झाडं, बांध, बगळे, दिसेल त्यावर बोलायचे. विषय संपला की रस्त्यातले ताड मोजायचे, तेही मोठ्याने. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यांच्यामागे टांगा आणि घोडी माझ्याकडे आली होती. असलं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. माणसाला टांग्यात झोप लागली तर त्यात एवढं भिण्यासारखं काय, असं मला वाटायचं.

मास्तर त्यांना सगळे म्हणायचे, पण शाळेत ते कधी शिकवत नव्हते. ते मिठागरावर कारकून होते आणि गोडदेवला दोन खोल्यांत एकटे राहायचे. दर रविवारी उत्तनला जायचे ते तिथल्या कोळ्यांची पत्रं लिहायला. तिथल्या पुष्कळ घरांतले मुलगे बोटीवर नोकरीला होते. आया देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून, बाहेर पडल्या की मास्तर ओट्यावर बसलेले असायचे. बसलेले म्हणजे उभेच. ते लिहायचेसुद्धा उभ्यानं, खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून. त्याबद्दल कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. दुपारी कुठल्या तरी घरी जेवण आणि परतीला माझा टांगा.

कपडे कायम पांढरे. टोपी पांढरी, छत्रीवरही पांढरं कापड शिवलेलं. दुपारी सगळं गोडदेव जेवून आडवं झालेलं असताना हा माणूस पांढरी छत्री घेऊन मिठागराच्या बांधावर फेऱ्या मारताना दिसायचा. लोक म्हणायचे, ह्याला काहीतरी लागलेलं आहे. त्यात भर म्हणजे त्यांची दुसरी सवय. बोलता बोलता त्यांचा हात मानेच्या मागे जायचा आणि बोटं तिथे काहीतरी चाचपायची. स्वतःच्या मानेचं एक वेळ ठीक. पण कुणी अशक्त दिसला की त्याच्याही मानेला हात लावायचे. भाईंदरचा न्हावी सांगायचा की मी ह्यांची हजामत करतो आणि हे माझी मान तपासतात.

ह्या सगळ्याचा उलगडा मला हळूहळू, टांग्यातच झाला. विशीत असताना ते आफ्रिकेला गेले होते. आधी रेल्वेत कारकून होते आणि मग एका तळावर, जिथे झोपेच्या रोगाचे लोक आणून ठेवत. तिथे एक माशी असते, त्सेत्से नावाची, गडद निळ्या रंगावर धावून येणारी. ती चावली की रक्तात जंतू शिरतात, डोळ्यांना न दिसणारे. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. मानेमागे गाठी येतात. मग ते जंतू डोक्यात चढतात आणि माणूस दिवसाढवळ्या झोपायला लागतो. घास हातात घेऊन झोपतो, बोलता बोलता झोपतो, आणि एके दिवशी उठतच नाही. मास्तर तळावर रोग्यांची नावं लिहायचे, सुया उकळायचे, पुढे पुढे डॉक्टरांच्या हाताखाली इंजेक्शनंही द्यायला लागले. तिसऱ्या वर्षी त्यांच्याच मानेमागे गाठी आल्या.

ते वाचले ते एका औषधानं. त्या औषधाला तेव्हा धड नाव नव्हतं, नंबर होता, दोनशेपाच. जर्मन लोकांनी केलेलं आणि त्यात काय आहे ते त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. एकेक ग्रॅमची पाच इंजेक्शनं. रोग डोक्यात चढण्याच्या आत दिली तर माणूस बरा होतो. चढल्यावर उपयोग नाही. मास्तरांना ती वेळेत मिळाली. मायदेशी परत यायला निघाले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्यांना आणखी पाच बाटल्या दिल्या आणि सांगितलं की तू बरा झाला आहेस, पण मनाला धीर म्हणून जवळ ठेव.

मास्तर त्यातलं "बरा झाला आहेस" एवढं विसरून गेले असावेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचे आणि आफ्रिकेतून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. नंतर टांग्यात चढताना मला न विचारता सांगायचे, "पाहुणे नाहीत." त्या जंतूंना ते पाहुणे म्हणत. त्या रविवारी त्यांचा मूड चांगला असायचा. घोडीला ते तिकडच्या भाषेत "पोले पोले" म्हणायचे, म्हणजे सावकाश. शेवंतीला ते इतकं कळायला लागलं होतं की माझ्या लगामापेक्षा ती त्यांचं ऐकायची.

शेवंती म्हणजे माझी घोडी. वडिलांनी तिला शिंगरू असताना आणली होती, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. आमच्या खारी गावातल्या घरात मी, आई आणि ती, एवढीच माणसं, असं आई म्हणायची.

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. पाऊस ओसरला, भातं कापायला आली आणि शेवंती खंगायला लागली. तोंडाला चंदीचा, म्हणजे दाण्याचा, तोबरा लावला की सगळा फस्त करायची, पण अंगाला काही लागत नव्हतं. बरगड्या मोजता यायला लागल्या. चार दिवस अंग तापायचं, मग उतरायचं, आम्हाला वाटायचं की बरी झाली, की पुन्हा तापायचं. मागचे पाय सुजले, पोटाखाली सूज आली. चालताना मागचा भाग असा हेलकावे खायचा की जणू तिचे पाय कुणा दुसऱ्याचे आहेत. आईनं दृष्ट काढली. एकानं डाग द्यायला सांगितलं, ते मी होऊ दिलं नाही.

ठाण्याकडून गुरांचे डॉक्टर अधूनमधून यायचे. त्यांनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि म्हणाले, सर्रा आहे, गोमाश्यांमुळे होणारा रक्ताचा रोग. भला माणूस होता, त्यानं मला बाजूला घेऊन नीट समजावलं. ह्याला औषध आहे, पण ते जर्मनीहून येतं आणि लढाईमुळे येणं बंद झालं आहे. गोमाश्या हिचं रक्त पिऊन दुसऱ्या घोड्यांना चावतील, मग स्टेशनवरचे सगळे टांगे बसतील. मी पुढच्या आठवड्यात येईन, तोवर तिला लांब बांध आणि मनाची तयारी कर. तयारी कशाची ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मी तिला गावाबाहेर मिठागराच्या बाजूला एका पडक्या छपरात नेऊन बांधली. आई सकाळ-संध्याकाळ तिथे शेणी आणि कडुनिंबाचा धूर करायची, माश्या येऊ नयेत म्हणून.

रविवारी मास्तर स्टेशनवर आले तर टांगा नाही. चौकशी करत ते बांधावर पोचले. मी त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी शेवंतीच्या पापण्या पाहिल्या, जबड्याखाली चाचपलं, आणि गोडदेवला परत जाऊन सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन आले. तिच्या कानाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतलं, काचेवर पसरलं, उन्हाकडे आरसा फिरवून बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, बघ.

मी डोळा लावला. आधी नुसतंच पिवळट दिसलं. मग गोल गोल चकत्या दिसल्या, हजारो, आणि त्यांच्यामध्ये एक बारीकसा साप वळवळत होता. तो चकत्यांना ढुशा देत होता, त्या बाजूला सरकत होत्या. मग आणखी एक दिसला. मग मला दिसतच राहिले.

"पाहुणे आहेत," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे होते त्यांचेच चुलत भाऊ."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. काच पुसताना ती त्यांच्या हातून पडली. त्यांनी पेटी उचलली आणि निरोप न घेता निघून गेले. त्या दिवशी उत्तनच्या बायका वाट पाहत राहिल्या, पत्रं लिहायला कुणी गेलं नाही. मला वाटलं, त्यांचं जुनं दुखणं वर आलं, आता ते शेवंतीच्या वाऱ्यालाही उभे राहणार नाहीत. मी त्यांना दोष दिला नाही.

बुधवारी दुपारी ते आले. पांढरी छत्री, काखेत एक पत्र्याचा डबा. डब्यात लोकर, लोकरीत पाच बाटल्या, बोटाएवढ्या. आत पांढरी, किंचित गुलाबीकडे झुकणारी भुकटी. मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी डबा बंद केला आणि त्यांच्या हातात परत दिला. म्हणालो, हे तुमचं आहे. उद्या तुम्हाला लागलं तर जगात कुठेही मिळणार नाही. घोडी जाईल, मी मिठागरावर कामाला जाईन, माझं अडणार नाही.

आई धुराजवळ बसली होती. ती उठून आली. आईला झोपेचा रोग, जर्मनी वगैरे काही ठाऊक नव्हतं, पण ह्या माणसाचा जीव त्या डब्यात आहे एवढं तिला बोलण्यावरून कळलं होतं.

"मास्तर, त्यो डबा घेऊन घरी जा," ती म्हणाली. "जनावर आमचं हाय. तुमचा जीव त्याच्या अंगात घालून आमी त्याला कसं जुंपायचं? आमाला त्ये झेपायचं न्हाय."

मास्तर चिडले. त्यांना चिडलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं. ते म्हणाले की हे औषध बारा वर्षं त्यांच्या ट्रंकेत पडून आहे, आणि बारा वर्षं ते रोज सकाळी उठून आधी ट्रंक उघडून बघतात. माणसाला राखायला औषध दिलं होतं, इथे माणूसच औषध राखत बसला आहे. मग आवाज खाली आणून आईला म्हणाले, "माई, मला पाणी उकळून द्या. बाकीचं मी बघतो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मला नाही म्हणता आलं नाही, हे खरं आहे, आणि त्याची लाज मला पुढे पुष्कळ दिवस वाटत राहिली. आईनं पाणी ठेवलं.

त्यांनी दोरीनं शेवंतीच्या छातीचा घेर मोजला, बोटांवर हिशेब केला आणि दोन बाटल्या ठरवल्या. पाणी निवल्यावर भुकटी त्यात विरघळवली. मी तिचं तोंड धरलं. रविवारी ज्या हातांतून काच पडली होती ते आता इतके स्थिर होते की मानेच्या शिरेत सुई कधी गेली ते तिलाही कळलं नसावं. ते पूर्ण वेळ तिच्या कानाशी पोले पोले, पोले पोले म्हणत होते आणि औषध तितक्याच सावकाश आत ढकलत होते.

दोन दिवसांनी ताप उतरला. मास्तरांनी रक्त पाहिलं, पाहुणे नव्हते. पण तिसऱ्या दिवशी शेवंती आडवी झाली आणि उठेना. खूर हातालाही गरम लागत होते, पाय टेकवला की कण्हायची. मी घाबरलो. मास्तर म्हणाले, औषध जोराचं आहे, घोड्यांच्या खुरांवर उतरतं असं त्यांनी तिकडे ऐकलं होतं. मिठागरावरून दोन दिवसांची सुट्टी घेऊन ते तिथे बसले, होय, बसले, आणि ओली पोती तिच्या खुरांना गुंडाळत राहिले. पोतं गरम झालं की मी दुसरं भिजवून आणायचो. चौथ्या दिवशी ती स्वतः उभी राहिली आणि आईच्या पदराला तोंड लावलं.

ठाण्याचे डॉक्टर सांगितल्याप्रमाणे आले. घोडी उभी पाहून त्यांनी मला विचारलं, हे काय केलंस? मी मास्तरांकडे बोट दाखवलं. दोघं बाजूला जाऊन काहीतरी बोलले. जाताना डॉक्टरांनी मास्तरांना नमस्कार केला, तोही वाकून. आठवड्यानं मास्तरांनी शेवंतीला उरलेल्यांतल्या दोन बाटल्या टोचल्या. डब्यात एक राहिली. एका बाटलीनं माणूस बरा होत नाही, हे त्यांनीच मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं.

महिन्याभरानं शेवंती पुन्हा टांग्याला लागली. मास्तर पुन्हा पुढच्या जागेवर. ताड मोजणं, बगळे, सगळं पहिल्यासारखं. फक्त एक नवीन गोष्ट त्यांनी माझ्यावर सोपवली. म्हणाले, मी दिवसा पेंगताना दिसलो तर लपवू नकोस, मला सांग.

ते करायची वेळ चैत्र संपता संपता आली. मिठाचा हंगाम जोरात होता. त्या रविवारी ते चढले तेव्हाच कमी बोलत होते. डोंगरीच्या चढाला लागेपर्यंत ताड मोजणं थांबलं, आणि मग माझ्या खांद्यावर काहीतरी टेकलं. त्यांचं डोकं होतं. पांढरी टोपी घसरून मांडीवर पडली होती.

ह्याच्यासाठी जे औषध होतं ते माझ्या पुढ्यात टापा टाकत चाललं होतं. मी लगाम सैल सोडला आणि हळूच "पोले पोले" म्हणालो. शेवंती पावलावर आली. मग मी डाव्या हातानं, त्यांनी शिकवलं होतं तसं, त्यांच्या मानेच्या मागे चाचपलं. गाठ लागली नाही. पण मी काही डॉक्टर नव्हतो. उत्तन येईपर्यंत मी तो खांदा हलू दिला नाही.

जागे झाल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते किती वेळ. थोडा वेळ, असं सांगावंसं मला फार वाटलं. पण त्यांनी माझ्यावर सोपवलेलं होतं. मी म्हणालो, चढापासून इथवर. ते खाली उतरले, ओट्यावर गेले, जमलेल्या सगळ्या बायकांची पत्रं उभ्यानं लिहिली, एकही कमी नाही. परतीच्या वाटेवर ते बोलले नाहीत आणि झोपलेही नाहीत.

त्यानंतर पाच दिवस मी संध्याकाळी टांगा सोडण्याआधी उजेड असतानाच गोडदेवला जायचो. ते बोटाला सुई टोचायचे, आधी स्वतः बघायचे, मग मला बघायला लावायचे. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नव्हता. चकत्या आणि चकत्या, दुसरं काही नाही. तरी ते म्हणायचे, डोक्यात चढले असतील तर रक्तात दिसत नाहीत. मी त्यांना विचारलं की हल्ली झोपता कधी, उठता कधी. तेव्हा कळलं की मिठाच्या होड्या भरायच्या म्हणून ते तीन आठवडे भरतीच्या वेळा सांभाळत पहाटेपासून धक्क्यावर उभे होते. त्यांचं वय तेव्हा पन्नाशीला टेकलं होतं.

"मास्तर," मी म्हणालो, "एवढं केल्यावर मीसुद्धा झोपलो असतो."

ही शक्यता त्यांच्या मनात आलीच नव्हती. महिना गेला, दुसरा गेला, ना ताप आला ना गाठ. आषाढात एकदा, ताडपत्रीखाली दोघंच असताना, ते एकदम हसले आणि म्हणाले, "म्हणजे मी नुसता म्हातारा होतोय." इतक्या आनंदानं म्हातारा झालेला माणूस मी नंतर पाहिला नाही. पुढे पुढे तर ते दुपारी पांढरी छत्री घेऊन बांधावर जायचे बंद झाले. गोडदेवची माणसं सांगायची की मास्तरांच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येतो.

शेवंतीनं त्यानंतर सात वर्षं टांगा ओढला. स्वराज्य आलं त्या दिवशी मी तिच्या गळ्यात घुंगरं बांधून स्टेशनपासून उत्तनपर्यंत फुकट फेऱ्या केल्या. मास्तर त्याच्या वर्षभर आधी वसईला भाच्याकडे राहायला गेले. तिथेच ते वारले, साध्या न्यूमोनियानं. भाच्याचं पत्र आलं तेव्हा ते वाचून घ्यायला मला दुसऱ्याकडे जावं लागलं. आमच्या बाजूला पत्राचा माणूस तोच होता.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. त्या आषाढानंतर, पाऊस उघडीप देत होता तेव्हा, मी त्यांना एकदा सरळ विचारलं. असं का केलंत, एका टांग्याच्या घोडीसाठी? खाडीच्या बाजूचा रस्ता होता, शेवंती आपल्या चालीनं चालली होती. मग त्यांनी सांगितलं.

तळावर त्यांना ताप आला तेव्हा रक्तात काही सापडत नव्हतं. पुष्कळदा सापडत नाही. तेव्हा रोगी माणसाचं रक्त एखाद्या जनावराला टोचतात. जनावराच्या अंगात जंतू भराभर वाढतात आणि मग ओळखू येतात. तळावर पाणी वाहणारं एक गाढव होतं. मास्तरांचं रक्त त्याला टोचलं. काही दिवसांत ते आजारी पडलं, त्याच्या रक्तात जंतू दिसले, आणि म्हणून डॉक्टरांना कळलं की मास्तरांना कोणता रोग आहे. म्हणून त्यांना इंजेक्शनं वेळेत मिळाली.

"आणि गाढवाला?" मी विचारलं.

"माणसांनाच पुरत नव्हतं," मास्तर म्हणाले. "मी बरा होत होतो आणि ते माझ्या खिडकीसमोर बांधलेलं होतं. अशीच सूज होती पोटाखाली. चालताना असंच हलायचं. त्याला माझंच दुखणं झालं होतं."

मग ते म्हणाले की टांगा जरा हाक, बायका वाट बघत असतील.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि चुलीकडे वळली. मला वाटलं, तिला ते नीट कळलं नाही.

दसऱ्याला आम्ही शेवंतीला धुवून, खरारा करून, झेंडूचा हार घालायचो. त्या वर्षी आई सकाळपासून दारात फुलं ओवत बसली होती. एक हार झाला तो तिनं शेवंतीच्या गळ्यात घातला, कुंकू लावलं. मग दुसरा घेतला, तेवढाच लांब, आणि तबेल्यातल्या रिकाम्या खुंटीला अडकवला. मी विचारलं, हा कुणाचा.

"त्या गाढवाचा," आई म्हणाली. "इतक्या लांबचा हाय, त्याला कोन घालनार?"

मास्तर संध्याकाळी सोनं द्यायला आले. आईनं दिलेलं पाणी प्यायले, तबेल्यात डोकावले, खुंटीकडे पाहिलं. मी त्यांना काही सांगायला गेलो तर आईनं मला हातानं थांबवलं. त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि खुंटीपाशी थोडा वेळ तसेच उभे राहिले.

आता तबेला नाही, त्या जागेवर मुलानं खोल्या काढल्या आहेत आणि खारीत घोडा पाहून कित्येक वर्षं झाली. पण दसऱ्याला आमच्या दाराला तोरण लागतं तेव्हा आत भिंतीवरच्या खिळ्याला एक हार वेगळा असतो. नातवंडं विचारतात. मी त्यांना सांगतो.